टॉर्मोडकाकांच्या वाट्याची भाषा

मी, मार्जरी फिन्लेसन, वय सत्तावीस, शाळेच्या व सरकारच्या दप्तरी याच नावाची, परंतु लुईस बेटावरच्या कार्नाबोस्ट गावात मार्सली म्हटल्याशिवाय ओ न देणारी. धंदा विचाराल तर मासळी साफ करणे, बोटीवर स्वयंपाक, बटाटे काढणे आणि मधले महिने नुसतंच भटकणे. आज शुद्धीवर असताना आणि कुणी हात पिरगाळलेला नसताना हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं आहे. त्याच डोक्यात द्राक्षाएवढी गाठ आहे, हेही त्यांनीच लिहून दिलं आहे. उद्या सकाळी ती काढायची आहे.

हे गेलिकमध्ये, आमच्या बेटावरच्या भाषेत, लिहायचं होतं. पण ती मी आजीकडून तोंडीच शिकले, आणि शाळेने लिहायला शिकवली ती इंग्रजी. म्हणून इंग्रजीत लिहिते, आणि त्याचा राग धरूनच लिहिते.

कलम एक. आजीने मला ठेवलेलं कार्नाबोस्टचं घर, मागच्या शेडसकट, शेजारच्या दोलीनाला. पीट, म्हणजे दलदलीतली जळणाची माती, कापायचं लोखंड शेडमध्ये दाराच्या डाव्या हाताला टांगलेलं आहे. त्याची मूठ मी बदलली होती, जरा वाकडी बसली आहे. दोलीना चौऱ्याऐंशीची आहे, ती आता पीट काय कापणार. पण तिच्या दारात ते टांगलेलं दिसलं की माझ्या टॉर्मोडकाकांचा जीव जळेल, तेवढं पुरे.

कलम दोन. माझी मासे कापायची सुरी फ्रेझरबर्गच्या एल्सी नोबलला द्यायची होती. तिने मला मासळीच्या कारखान्यात पहिल्या दिवशी शेजारी उभं केलं आणि आधी सुरी धरायला शिकवलं, मग शिव्या द्यायला, दोन्ही तिच्या स्कॉट्स भाषेत. ती आत्ता पलंगाशी बसली आहे, तळलेला हॅडक मासा कागदात गुंडाळून घेऊन आली आहे. नर्स म्हणाली, जिला काही मिळणार तिने साक्षीदार होऊ नये.

"मग नगं मला ती सुरी," एल्सीमावशी म्हणाली. "सही करते म्या."

म्हणून सुरी आत्ताच तिच्या हातात दिली. आता ती या कागदात नाही. हे कलम रद्द समजावं.

कलम तीन. इंग्रजी कुणालाही ठेवत नाही. ती सगळ्यांकडे आहे आणि फॉर्म भरण्यापलीकडे मी तिची फारशी झीज केलेली नाही. स्कॉट्स एल्सीमावशीचीच होती, ती परत. (परत करणं म्हणजे देणं नव्हे, त्यामुळे सही चालेल.) मावशीच्या शाळेत बाई म्हणायच्या, ही भाषाच नाही, अशुद्ध इंग्रजी आहे. "मंग मी घरी जाऊन आयला सांगितलं, आये, आपून अशुद्ध हाय. आय म्हनली, तुज्या बाईला सांग, तिच्या पोटात जातो तो मासा अशुद्ध मान्संच पकडत्यात."

गेलिकचं शेवटी लिहिते. आधी आजीचं लिहायला हवं.

कलम चार. माझी आजी, ओयरिक फिन्लेसन, चार वर्षांपूर्वी वारली. इंग्रजी तिला विक्रेत्यांना दारातून हाकलण्यापुरती येत होती. तिने मरायच्या आधी तीन वेळा बजावलं होतं की माझ्यावर म्हणायचं ते गेलिकमध्ये म्हणा, पाद्री नसला तर दोलीनाने स्तोत्राची ओळ धरावी, बाकीच्यांनी मागून म्हणावी. माझे टॉर्मोडकाका, जे एबर्डीनला येऊन इंग्रजी नावाने नॉर्मन झाले, त्यांनी सगळं इंग्रजीत करवलं. पाहुणे मुख्य भूमीवरचे होते, त्यांना कळायला हवं. मी स्वयंपाकघरात विचारलं, "काका, आजीला कळायला नको?"

ते म्हणाले, "मार्जरी, मला स्वतःला ती भाषा आता येत नाही. मुलगाच गप्प उभा राहिला तर कसं दिसेल?"

आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात आठ दोरांनी उतरवतात. कोणाला कितव्या क्रमांकाचा दोर, याची छापील कार्डं घरच्यांना आणि जवळच्यांना देतात, आणि त्या क्रमांकावरून लोक पुढे वर्षानुवर्षं मान मोजतात. एक नंबर, डोक्याकडचा, काकांनी घेतला. बायका कार्नाबोस्टमध्ये खड्ड्यापर्यंत जात नाहीत. मी आणि दोलीना रस्त्याच्या वळणावर थांबलो. दोलीनाने स्तोत्राची ओळ तिथेच, वाऱ्यात धरली. ती आजीपर्यंत पोचली असेल असं मला वाटत नाही.

कलम पाच. मी मेल्यास माझे आठही दोर बायकांच्या हाती द्यावेत. एक नंबर दोलीना, दोन नंबर एल्सीमावशी, बाकी दोलीनाने ठरवावं. टॉर्मोडकाकांना कार्ड देऊ नये. त्यांना बोलवावं मात्र जरूर. गावासमोर रिकाम्या हातांनी उभं करावं, पुढच्या रांगेत.

कलम सहा. आता कुत्रा. आजीमागे तिचा कुत्रा ग्लिक काका एबर्डीनला घेऊन गेले. माया म्हणून नव्हे, घर रिकामं करायचं म्हणून. ग्लिकला इंग्रजीत बस म्हटलं तर तो तोंडाकडे बघत उभा राहायचा. दोलीनाची मुलगी इथेच एबर्डीनला राहते. तिने काकांना बागेत पाहिलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून काका त्याला म्हणत होते, "बस की रे मेल्या, आईसारखाच हट्टी." गेलिकमध्ये. पुढे पंधरा मिनिटं हवा, गुडघेदुखी आणि काकूंचे भाऊ यांच्याबद्दल बोलत होते, तेही गेलिकमध्ये, एकही शब्द न अडखळता.

कलम सात. गाठ माझ्या बोलण्याला चिकटली आहे. उद्या मला ऑपरेशनच्या मधे जागं करून चित्रं दाखवणार. मी नावं सांगायची; जिथे नाव अडेल तिथे डॉक्टरीणबाई हात थांबवणार. जी भाषा विचारली जाणार नाही ती शाबूत राहील अशी खात्री देता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इंग्रजीला त्या आहेत. गेलिकला कुणी आहे का, त्यांनी विचारलं. माझं उत्तर चुकलं तर लगेच चुकलं म्हणणारं?

दोलीनाची मुलगी म्हणाली, "मी येते की, वेडे." मी नको म्हटलं आणि काकांचं नाव दिलं. एल्सीमावशी मला महामूर्ख म्हणाली. ते खरं असेल. पण ती भाषा येत नाही असं काकांनी आजीच्या अंत्यविधीला सांगितलं होतं. उद्या त्यांनी तेच पुन्हा सांगावं, माझं डोकं उघडं असताना.

काल काका आले. टोपी हातात. "मार्जरी, समजून घे, मला खरंच येत नाही गं."

"कुत्र्याशी बोलायचात तसं बोला," मी म्हटलं. गेलिकमध्ये.

त्यांनी टोपी पलंगावर ठेवली. मग चित्रांचा गठ्ठा मागून घेतला.

आत्ता ते बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना या कागदातून वाटा मिळणार असल्यामुळे आत यायला मनाई केली आहे. मावशी चहा आणायला गेली होती, परत येऊन म्हणाली, "तुजा काका समोरच्या खुर्चीला शिकवतोय बघ." दार उघडंच होतं. घोडा, चमचा, खिडकी, काका एकेका चित्राचं नाव गेलिकमध्ये पुटपुटत होते. कंगव्याशी अडले. दोनदा अडले. मी आतून मोठ्याने शब्द सांगितला. ही दया समजू नये. डोकं माझं आहे.

कलम आठ, शेवटचं. मी उद्या जगले, आणि गेलिक माझ्यापाशी राहिली, तर हा कागद नर्सने माझ्यासमोर फाडावा. कलम पाच तरीही कायम; ते मी पुन्हा लिहीन.

मी मेले, किंवा नुसती तीच गेली, तर माझी सगळी गेलिक, आजीच्या शिव्या, कोडी आणि स्तोत्राच्या ओळींसह, टॉर्मोड फिन्लेसन यांना, अखंड, वाटणी न करता. नॉर्मन यांना नव्हे. आमच्या घरात ती बोलणारे मग ते एकटेच राहतील. तिच्यात बोलायला त्यांना कुणी मिळणार नाही. ग्लिक नाताळातच वारला.

सही: मार्सली फिन्लेसन

साक्षीदार:
एल्सी नोबल, मासळी कामगार, फ्रेझरबर्ग. (सुरी आधीच मिळाली.)
लोर्ना मिल्न, नर्स. (वाचून सही केली. वाक्यावाक्याला सहमत नाही.)

एबर्डीन, १७ फेब्रुवारी २०११, दुपारचे तीन.