पहिला बाक

३ जून

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पिटुकलीचा दात पडल्याचं कळलं. आता बोबडं बोलून तुझं डोकं खाईल.

काकांच्या अपिलाची तारीख पुढच्या महिन्यात लागली आहे. तोवर ते जामिनावर घरीच आहेत. पोहायला शिकवणाऱ्याचा हात मुलांना लागणारच, असं ते अजून म्हणतात. वकिलांचा सगळा भर एका गोष्टीवर आहे, तक्रार करणारी ती मुलगी वर्षभर गप्प का बसली? घरचे सगळे पहिल्या बाकावर दिसायला हवेत. पिटुकलीलाही आण, तिला काकांजवळ बसवू. घरचं लेकरू त्यांच्याजवळ निर्धास्त बसतं, हे लोकांना दिसू दे. शेवटी रक्ताचं माणूस आहे.

ये, म्हणजे झालं.
दादा

१० जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून शिसारी आली. हात धुऊन आले, तरी जाईना. माझ्या पोरीच्या दाताचं कौतुक, आणि त्याच दमात तिला त्या माणसाजवळ बसवायची गोष्ट? लाज कशी वाटली नाही? अपिलात न्यायाधीश खालच्या कोर्टातले जबाब वाचतात, बाकावर कोण बसलंय ते बघत नाहीत. हा तमाशा गल्लीसाठी आहे.

आणि म्हणे गप्प का बसली! पोहायला जायचं म्हटलं की त्या मुलीच्या पोटात दुखायचं, हे निकालातच आहे. तू तो वाचलास तरी का? मला तुझी चिमणी आठवली. बक्षिसं आणणारी पोर, एकाएकी तिने काकांच्या तलावावर जाणं सोडलं. आळशी म्हणून घरात तिची टर उडवली गेली. का सोडलं, हे तिला कुणी विचारलं?

मी येईन, पण त्या मुलीच्या आईशेजारी बसेन. राग धर हवा तर, माया मात्र तोडू नकोस.
तुझी धाकटी

२१ जून

प्रिय वन्संस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी फाडलं. तुकडे मी जुळवून वाचले आणि चिमणीला विचारलं. ती म्हणाली, आई, दार लाव.

पुढचं भेटल्यावर सांगेन. हे दाराबाहेर ऐकत होते. उद्या आम्ही दोघी पोलिसात जाणार आहोत. कोर्टात तुमच्या बाकावर माझी जागा धरून ठेवा.

सगळं सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं. ती मुलगी वर्षभर गप्प होती, तरी तिला खोटं ठरवताहेत. मी तर त्याहून जास्त गप्प होते, मग माझं कोण खरं मानणार?

मी मानते, असं तिला सांगितलंय. तुम्हीही येऊन सांगा.
तुमची वहिनी