दुसऱ्या पानावरचा शब्द

शिवमंदिराजवळ, अंबरनाथ
९ फेब्रुवारी २०२५

ती. इंदूताईस,
सुजितचा सा. न. वि. वि.

फोन तीनदा लावला आणि तुझा आवाज ऐकून ठेवून दिला. तोंड उघडेना, म्हणून लिहितोय.

गेल्या जूनमध्ये दाजींच्या पोटात कळ आली, बदलापूरला सीटी स्कॅन झाला आणि रिपोर्ट नेहमीसारखा माझ्याकडे आला. घरातला इंग्रजी कागद मीच वाचायचा ना! चार मिलिमीटरचा मुतखडा दिसला. मी ऐटीत सांगितलं, कुळथाचं कढण प्या, डॉक्टरकडे परत जायला नको. खडा पडला, आणि तू मला कोंबडा कापून जेवायला घातलंस.

ताई, दुसरं पानही मी वाचलं होतं. डाव्या मूत्रपिंडाबद्दल एक शब्द होता, तो मला कळला नाही. तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघत होतात. मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो, बाकी काही नाही. आनंदनगरच्या कंपनीत मला साहेब म्हणतात गं, आणि एक शब्द कुणाला विचारायची मला लाज वाटली!

काल मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो सापडला. कंपनीच्या डॉक्टरांना दाखवला. म्हणाले, खडा शोधताना गाठ दिसलीय, कॅन्सरची असू शकते, आठ महिने काय करत होतात?

हे पत्र बुधाजी दूधवाल्याच्या हाती देतोय. उद्या सकाळी गाडी घेऊन येतो. मारायचं तर मार, पण आधी दाजींना गाडीत बसव.

तुझ्या मायेला न शोभणारा,
सुजित

बारवी धरण
२ मार्च २०२५

चि. सुजितास,
अनेक आशीर्वाद.

मी सांगतेय, किर्ती लिहितेय. उल्हासनगरच्या दवाखान्यात आम्हाला सोडलंस आणि दिवसभर पायरीवर बसून राहिलास. नंतर तीन आठवडे तोंड दाखवलं नाहीस. मेल्या, मला राग आलाय, लई आलाय. पण माझा भाऊ चोरासारखा लपतोय, हे मला जास्त लागतं.

गाठ वाढलीय, पण मूत्रपिंडाच्या बाहेर गेली नाही. शुक्रवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, वेळेत आलात. हे तर हसून म्हणाले, नवा रिपोर्ट सुजितनेच वाचायचा. सोबत पाठवलाय. अडशील तिथं विचार, आणि शुक्रवारी ये.

लोभ आहे तसाच आहे, त्याची काळजी करू नको.
तुझी ताई,
इंदू

ता. क. मामा, हे आईला माहीत नाही. तो शब्द मी जूनमध्येच डिक्शनरीत बघितला होता. गाठ असंच दिलं होतं. पण तू काही नाही म्हणालास, म्हणून वाटलं माझंच चुकलं असेल. — किर्ती