मागच्या खिडकीची काच

प्रिय हवालदार,

पत्र बघून दचकू नकोस, बाबा ठीक आहेत. आधी तेच लिहिते, कारण माझं अक्षर बघितल्यावर तू आधी तेच शोधणार हे मला ठाऊक आहे. फोन करायचा सोडून लिहायला बसले, कारण फोनवर तू लगेच "ताई, तू ठरवशील ते बरोबरच असेल" म्हणतोस आणि सगळं माझ्यावरच येऊन पडतं. या वेळी मला एकटीला ठरवता येत नाहीये. गोष्ट म्हटली तर अगदी एवढीशी आहे. आपल्या गाडीच्या मागच्या खिडक्यांना फिल्म कोणती लावायची, गडद की फिकी? येत्या नाही, पण त्याच्या पुढच्या शनिवारी फिल्मवाल्याने गाडी घेऊन बोलावलंय. त्याच्या आत त्याला रंग सांगायचाय. हस खुशाल. पण हसून झालं की पुढचं नीट वाच, कारण हल्ली माझ्या डोक्याला दुसरा विषयच नाही.

बाबा आता मागे बसतात, हे तुला सांगितलं होतं का? नसेल. ज्या माणसाने उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, शिकाऊंच्या शेजारी बसून, स्वतःच्या पायाखालचा जादा ब्रेक दाबून निम्म्या गावाला गाडी शिकवली, त्यांना मागे बसवताना माझ्या जिवाला फार लागलं. पण इलाज नव्हता. पुढे बसले की त्यांचा पाय तो ब्रेक शोधायचा, आणि तो सापडला नाही की घाबरून थेट स्टिअरिंगला हात घालायचे. एकदा कालव्याच्या पुलावर समोरून टँकर येत असताना त्यांनी असंच केलं. वाचलो, एवढंच म्हणते. त्या दिवसापासून मागची सीट आणि मागच्या दारांना चाइल्ड लॉक. मी सकाळी त्यांना डे-केअरला सोडते, तिथून लॅबला जाते आणि संध्याकाळी परत आणते. मी त्यांची मुलगी आहे हे त्यांना बहुतेक दिवस आठवत नाही. मी त्यांची शिकाऊ बाई आहे. "क्लच सावकाश सोडा बाई, कुणाचं काही पेटलेलं नाही," असं मागून ऐकत मी रोज गाडी चालवते. परवा तर म्हणाले की तुमचा हात आता चांगला बसलाय, लायसन्स मिळून जाईल. मी म्हटलं, थँक्यू सर. मग घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. जाऊ दे.

खरा त्रास उन्हाने सुरू झाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना प्रखर उजेड सोसत नाही. संध्याकाळी परतताना सगळा सूर्य त्यांच्या खिडकीतून आत येतो. इमारतींच्या फटींतून ऊन आलं, गेलं, आलं, गेलं, की ते डोळ्यांवर हात घेऊन ओरडायला लागायचे आणि दाराचा खटका ओढायचे. लॉक आहे म्हणून निभावलं. आधी मी खिडकीला टॉवेल लावून पाहिला, तो त्यांनी काढून नीट घडी घालून मांडीवर ठेवला. मग जाळीचे पडदे आणले. "मागचं दिसत नाही, कोणी बांधलं हे?" म्हणून माझ्यावरच डाफरले. शेवटी तुझे भावोजी म्हणाले की काचांना फिल्म लावून टाक, मागच्या काचांना चालते.

आता तुला माझा धंदा माहीत आहे. मी दातांच्या लॅबमध्ये दिवसभर रंग जुळवते. पिवळट पांढरा, करडा पांढरा, चहा पिणाऱ्याचा पांढरा. डॉक्टर म्हणतात, ताईंनी रंग लावला की खोटा दात कुठला ते पेशंटलाही कळत नाही. ती मी फिल्मवाल्याच्या दुकानात नमुन्यांची माळ हातात धरून तासभर उभी होते. प्रत्येक तुकड्यावर आकडा असतो. जितका आकडा लहान तितका उजेड आत कमी येतो. आतून पाहिलं की एक रंग, बाहेरून पाहिलं की दुसरा. उन्हात नेऊन बघावा तर तिसराच. भावोजींनी मोबाईलवर वाचून वाचून सगळ्यात गडद ठरवली होती, जणू त्यांना मंत्री होऊन फिरायचंय. तुझ्या भाचीलाही काळीच हवी होती, कारण गाडी "एकदम भारी" दिसेल. दुकानदार बिचारा सांगत होता की उष्णता अडवणारी, जवळजवळ पारदर्शक फिल्मही मिळते, पण डोळ्यांवर तिरीप येतच राहील. मला दिसत होते फक्त बाबांचे डोळ्यांवर घेतलेले हात. नियमात बसणारी सर्वांत गडद लावा, म्हटलं. मलाच हायसं वाटलं.

बाबांना कळलं असतं तर त्यांनी मला क्लासमधून काढून टाकलं असतं. आठवतं ना, काळ्या काचांची गाडी दिसली की ते कसे वैतागायचे? ज्याला मागचं दिसत नाही त्याने बैलगाडी हाकावी, म्हणायचे. आणि मागचं बघायला त्यांच्याकडे तू होतास. तुला आता लाज वाटेल, पण मला ते चित्र फार आवडतं. आईची ड्यूटी असली की शाळेतून तुला थेट शिकवणीच्या गाडीत घ्यायचे आणि तू मागच्या सीटवर गुडघे टेकून उभा. हात वर करून मागच्या ट्रकला थांबवायचास, सायकलवाल्याला जा म्हणायचास. शिकाऊ माणूस घामाघूम झालेला असायचा आणि बाबा मान न वळवता विचारायचे, "हवालदार, मागची वाहतूक कशी आहे?" तू ठसक्यात सांगायचास, "सुरळीत आहे, सर!" तेवढ्याने तो शिकाऊही हसायचा आणि त्याचे खांदे सैल व्हायचे. बाबा म्हणायचे, माझ्या गाडीत दोन ब्रेक आणि एक हवालदार, आम्हाला काही होत नाही.

तर फिल्म लागली. दुकानदाराने बजावलं की आठवडाभर काचा अजिबात खाली करायच्या नाहीत, फिल्म नीट चिकटायला हवी. त्याने बटणांवर चिकटपट्टीही लावून दिली. पहिल्या संध्याकाळी बाबा इतके शांत बसले की मी आरशातून पुन्हा पुन्हा बघत होते, झोपले की काय. झोपले नव्हते. खिडकीकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीकडे बघत केस सारखे केले. मला हसू आलं. मग ते काहीतरी पुटपुटायला लागले आणि माझं हसू पळालं. सूर्य इमारतींच्या मागे गेला, बाहेर सावली पडली की सुरू व्हायचं. आधी पुटपुटणं, मग काचेवर बोटाच्या पेरांनी टकटक, मग जोरात. एके दिवशी इतक्या जोरात की घरी उतरवताना बघितलं तर बोटं सुजलेली. विचारलं तर म्हणाले, "तुम्ही गाडीकडे लक्ष द्या."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. डे-केअरच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही इथले सगळे आरसे झाकून ठेवतो, या आजारात माणूस स्वतःला ओळखत नाही, आरशात कोणी परका म्हातारा दिसतो आणि भीती वाटते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाहेर अंधारून आलं की गडद काचेचा आरसा होतो, आणि मी बाबांना रोज संध्याकाळी एका परक्या माणसाशेजारी कोंडून आणत होते! वरून दारही आतून उघडत नाही. मी लगेच फिल्मवाल्याला फोन केला की ही काढा. तो भला माणूस आहे, कुरकुर केली नाही. गरम हवा मारून काढून देतो, दुसरी लावतो, तेवढा रंग सांगून ठेवा म्हणाला. शनिवार त्यानेच दिला. इथवर मला सगळं स्पष्ट होतं. फिकी लावायची, विषय संपला.

मध्येच तुझ्या मागच्या खेपेबद्दल लिहिते, नाहीतर पुढचं नीट सांगता येणार नाही. तू इतक्या लांबून आलास आणि बाबांनी तुला खुर्ची दिली, विचारलं, "गाडी शिकायचीय का? दोन फोटो आणि पत्त्याचा पुरावा घेऊन या, सोमवारपासून बॅच आहे." तू हसलास. चेष्टेवारी नेलंस. पण रात्रीच्या जेवणाला तू ताटात बोटं फिरवत होतास, ते मी पाहिलं. रजा शिल्लक असताना काम निघालं म्हणून लवकर गेलास, तेही बाबा झोपलेले असताना. मी तुला तेव्हा काही बोलले नाही आणि आत्ताही बोलत नाही. मला रोज 'बाई' म्हणतात तेव्हा मलाही उठून जावंसं वाटतं. फरक एवढाच की मला त्यांना घरी आणायचं असतं.

काल माझी पाठ धरली होती म्हणून भावोजींनी गाडी चालवली आणि मी पहिल्यांदाच मागे, बाबांच्या शेजारी बसले. पुढच्या सीटवरून मला त्यांचं पुटपुटणं कधी कळलंच नव्हतं, इंजिनाचा आवाज असतो. मोठ्या रस्त्याला लागलो, सावली पडली आणि काचेत त्यांचा चेहरा उमटला. मी त्यांचा हात धरायला पुढे झाले, म्हटलं आता घाबरतील. ते घाबरले नाहीत रे. ते गोड हसले. मीही त्या काचेत पाहिलं. गडद काचेत सुरकुत्या दिसत नाहीत. पांढरे केसही काळपट दिसतात. उरतं ते कपाळ, नाक आणि ते बाहेर आलेले कान. तू होतास. मला स्वतःला क्षणभर तू वाटलास. बाबा काचेजवळ तोंड नेऊन अगदी हळू म्हणाले, "हवालदार, मागची वाहतूक कशी आहे?"

थांबले. पुन्हा विचारलं. मग पेरांनी टकटक केली, शिकाऊचं लक्ष नसलं की डॅशबोर्डवर करायचे तशीच. आणि मग जोरात. ती भीती नव्हती, तू उत्तर देत नव्हतास म्हणून ते टकटक करत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरगं रुसलंय. बोलत नाही माझ्याशी." माझ्याने राहवेना. तुझ्यासारखा ठसका आणून मी म्हटलं, सुरळीत आहे, सर. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्हाला नाही विचारलं, बाई." भावोजी पुढे रडत होते की हसत होते कोण जाणे, पण त्यांना काहीतरी करायला हवंसं वाटलं. आठवडा होऊन गेलाच होता. त्यांनी चिकटपट्टी काढली आणि बाबांना वारा लागावा म्हणून काच खाली घेतली. काच खाली सरकत गेली, तसा तू दारात बुडत बुडत दिसेनासा झालास. बाबा खिडकीतून वाकून रस्त्यावर बघत राहिले. घरी पोचेपर्यंत एकच वाक्य. "गेला. न सांगताच गेला."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दातांच्या रंगांचं जाऊ दे, हा रंग मला निवडता येत नाही. फिकी फिल्म लावली तर बाबांची बोटं वाचतील, पण तू त्यांना कुठेच दिसणार नाहीस. गडद राहू दिली तर तू रोज भेटशील आणि रोज गप्प बसशील, आणि ते काच फोडेपर्यंत विचारत राहतील. जो माणूस तुला विसरला असं तुला वाटलं, तो रोज संध्याकाळी तुलाच हाक मारतोय, हे तुला फोनवर सांगितलं असतं तर तू गप्प झाला असतास आणि मी फोन ठेवला असता. म्हणून हे पत्र. शनिवारच्या आत ये. ते तुला ओळखतील असं मी म्हणत नाही, कदाचित पुन्हा फोटो आणि पुरावा मागतील. मागू देत. संध्याकाळी गाडीत त्यांच्या शेजारी बस, खिडकीकडे बघू नकोस, आणि त्यांनी काचेला विचारलं की तू उत्तर दे. त्यानंतर फिल्म कुठली लावायची ते आपण दोघं मिळून ठरवू.

वाट बघणारी, तुझीच,
ताई