दुसऱ्यांदा उतरवलेली मिशी

बाबा, तुमच्याविरुद्ध माझी एक तक्रार आहे आणि ती नाकाबद्दल आहे. वारसा म्हणून लोक शेत देतात, घर देतात, निदान एखादी अंगठी तरी ठेवून जातात. तुम्ही मला मधोमध उंचवटा असलेलं नाक दिलंत, त्याखाली बांधावरच्या गवतासारखी मिशी दिलीत, आणि या दोहोंवर एकही मास्क नीट बसत नाही. तुम्ही असतात तर विचारलं असतं, "मास्क कायचा रे? नाटकात काम करून राह्यला काय?" म्हणून आधी तेच सांगतो.

मी घोरतो हे घरात कुणाला नवं नाही. नवं हे कळलं की घोरता घोरता माझा श्वासच थांबतो, मग शरीर दचकून जागं होतं, श्वास सुरू होतो, आणि हा खेळ रात्रभर चालतो. योगाच्या पुस्तकांत ज्याला कुंभक म्हणतात तो मला झोपेत, कुठल्याही साधनेशिवाय प्राप्त झाला आहे. फळ दिवसा मिळतं. संस्कृतच्या वर्गात विद्यार्थी झोपणं ही जुनी परंपरा; अकोल्याच्या आमच्या कॉलेजात मास्तरच, म्हणजे मीच, खुर्चीत झोपले, आणि पोरं अत्यंत आदराने, चपला न वाजवता निघून गेली. तोवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका दुपारी अमरावतीहून अकोल्याला जाताना मूर्तिजापूरच्या पुढे मी मोटरसायकलसकट तुरीच्या शेतात शिरलो. मागे तुमची सून बसली होती. माती मऊ होती, दोघंही वाचलो. तिने केसांतला पाला झटकला आणि विचारलं, "इकडून जवळ पडते काय?" मग रस्त्यावर जाऊन तिने एसटीला हात केला. दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली.

आता उशाशी एक मशीन असतं. ते नळीतून नाकात हवेचा दाब सोडतं, त्यामुळे झोपेत घसा मिटत नाही. लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर घेतला. घरातला पंखा बंद पडतो, माझा श्वास चालू राहतो. मशीन शहाणं आहे, अडचण मास्कची. कडेने हवा सुटते, डोळ्यांवर फुंकर बसते, आणि फुर्र असा आवाज येतो की त्यापेक्षा घोरणं सुसह्य होतं असं तुमची सून म्हणते. तुम्ही दुकानात सायकलची ट्यूब घमेल्यात बुडवून भोक शोधायचात. मला तोंड घमेल्यात घालता येत नाही. मग मी पट्टे आवळायला लागलो. गालांवर वळ उठले आणि हवा आणखीच सुटायला लागली. तेव्हा तुम्ही आठवलात. मी सातवीत आहे, पंक्चर ट्यूबमध्ये घामाघूम होऊन पंप मारतो आहे, आणि तुम्ही पान्यावरची नजर न काढता म्हणता, "जास्त हवा भरून भोक बुजते काय रे, पंडित?" पंडित ही तुमची शिवी होती. पुढे तुम्हीच मला संस्कृतला घातलंत, आणि शिवीची पदवी झाली.

डॉक्टरांनी वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. पट्टे सैल करा. बसून नव्हे, आडवं होऊन, मशीन चालू ठेवून मास्क बसवा. झोपल्यावर चेहऱ्याचा आकार बदलतो. मास्कची रबरी कड रोज धुवा, चेहऱ्याच्या तेलाने ती घसरते. (आईचं माझ्या डोक्याला खोबरेल तेल लावणं त्या दिवसापासून रात्रीचं सकाळी गेलं.) नळी उशामागून वरून घ्या, कूस बदलताना ओढ बसत नाही. एवढं करून बरीचशी गळती थांबली. उरली ती नाकाखालची. डॉक्टरांनी माझ्या मिशीकडे पाहिलं आणि खेदाने मान हलवली.

ही मिशी मी याआधी एकदाच उतरवली होती, तुमच्यासाठी. दुपारी जेवून तुम्ही दुकानामागच्या खाटेवर आडवे झालात ते उठलाच नाहीत. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, झोपेत गेला. यंदा आपल्या अमरावतीत राजापेठेतल्या न्हाव्याने साबण लावला, वस्तरा हातात घेतला, आणि थांबून हळूच विचारलं, "कोन?" मी म्हणालो, कोणी नाही. त्याचा विश्वास बसला नाही. गावोगाव मरणं झालेल्या या वर्षांत आपल्या वऱ्हाडात मिशी उतरवलेला माणूस दिसला की कुणी थट्टा करत नाही.

संध्याकाळी तुमच्या दुकानाशेजारचे गादीवाले चाचा माझ्या मिशीची बातमी ऐकून आले. घरात म्हातारं माणूस एकच, तेव्हा त्यांनी हिशेब केलेलाच होता. दार आईने उघडलं. चाचांनी टोपी काढून हातात घेतली. "भाभी... तुमी?"

"मंग कोन राह्यन?"

"अबे," चाचा माझ्यावर उखडले, "मले रस्त्यानं रडू येऊन राह्यलं होतं, अन् भाभी इथं च्याचा कप घेऊन उभ्या!"

"मरनाच्या घरी च्या भेटत नसते," आई म्हणाली. "मी जिती हावो म्हनून भेटून राह्यला. घ्या."

त्यानंतर गळती नाही. सकाळी डोकं जड नसतं. वर्गात फक्त विद्यार्थी झोपतात. तुमची सून पुन्हा गाडीवर मागे बसते, तेही गप्पा मारत.

परवा आई शेंदूरजनाघाटची संत्री सोलत बसली होती. मशीनकडे पाहत म्हणाली, "तुहे बाबाबी असेच घोरता घोरता चूप होत. मले वाटे, बरं झालं, आता डोळा लागन." मग एक फोड माझ्या हातावर ठेवून, "तवा हे मशीन असतं तं?"

मी वर्गातल्या आवाजात सांगितलं, बाबांचं वेगळं होतं, ते हृदयाचं होतं. तिने मान हलवली. तेव्हापासून ती माझ्या खोलीच्या दाराशी सतरंजी टाकते. म्हणते, इथं हवा लागते. मी नीट झोपायला लागलो तशी तिची झोप गेली; ती पडल्या पडल्या माझा श्वास ऐकत असते.

हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून फाडून टाकणार आहे. बाबा, तुमचं वेगळं होतं की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारायची माझी हिंमत होत नाही. ते काहीही म्हणाले तरी घरी येऊन मला आईसमोर बसायचं आहे.