तिकोनीतली काडी

२ मार्च
सोनाळ्याहून मावशीचा फोन. दुसऱ्या डोळ्यानंही आता धूसरच दिसतं म्हणे. आईला म्हणाली, "माहे डोळे आहेत तवर येऊन जाय वं बाई. तुहं तोंड पाहू दे." आई हाव, हाव म्हणाली. फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहत बसली.
बीबी ते सोनाळा म्हणजे अख्खा जिल्हा पार करायचा. आणि आईला गाडी लागते. एसटीत लागते, भावाच्या एसी गाडीत तर वेशीपाशीच. लागत नाही ती फक्त बाबांच्या जुन्या मोटारीत, पुढे डावीकडे, दाराच्या कोपऱ्यातल्या फिरत्या तिकोनी काचेला तोंड करून. ती काच बाबा गेल्यापासून गंजून बसलीय.

५ मार्च
दिगांबर मिस्त्रीकडे. "काऊन ताई, एसीवाली घेऊन टाका ना आता!" म्हटलं, तुझं काम कर बे.
दाराचा आतला पुठ्ठा काढला. मोठी काच पार खाली सोडली, पुढचे स्क्रू काढले, तिकोनी चौकटीसकट मागे कलवून वर ओढली. दाराच्या कोपऱ्यात नुसतं भोक. त्यातून बाभूळ, एक शेळी, आभाळ. पाहतच राहिले. लहानपणी मी मागच्या सीटवर. आईचा पदर उडून माझ्या तोंडावर यायचा, पावडरीचा वास. बाबा गुणगुणायचे, काय ते कधीच…
चहा पार गार झाला.

७ मार्च
बसली! बिजागरी डिझेलात भिजवून मोकळी केली, नवं रबर साबणाचं पाणी लावून चढवलं. तिकोनी आता एका बोटानं फिरते. गॅरेजात नाचायचीच बाकी होते. मावशीला कळवून टाकलं, येतोय.

८ मार्च
उगाच कळवलं.
आईला घेऊन लोणारच्या रस्त्याला चक्कर मारली. थोडं पुढे जातो तोच, "थांबव वं." उतरली, ओकली. रस्त्याकडेला बसूनच म्हणाली, "हवा येते, पण माह्या तोंडावर नाही येत." वारा लागला की काच आपोआप पूर्ण फिरते, झोत जातो भलतीकडेच. मिस्त्रीचा राग आला, आईचाही आला. आईचा यायला नको होता.
संध्याकाळी ती म्हणाली, "नाही जमत तर राहू दे." मग भाकरी अर्धी टाकली.

९ मार्च
मिस्त्रीशी भांडले. तो हात वर करून, "सगळं बरोबर बसवलं ताई. जुनं रबर काढताना एक काडी तेवढी निघाली, पऱ्हाटीची. कचरा म्हणून फेकली."
घरी येऊन आईला सांगितलं. आधी हसली. मग म्हणाली, "तुहे बाबा काचेच्या फटीत खोचत जायचे ते. कापूस निघाला की दरसाली नवी. आधी माह्या तोंडासमोर हात धरून पाहत, वारा कुठं लागते ते. मंग तेवढी काडी तोडत."
आणि मी आजवर समजत होते, आईला ती गाडी मानवते. फार रडू आलं. आईसमोरच रडले.

११ मार्च
वावरात. कापूस वेचून उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग. आई एकेक काडी हातात घेऊन, भाजी निवडावी तशी. "हे जाड. हे मोडते." शेवटी एक पसंत पडली.
गाडी वाऱ्याच्या तोंडाला उभी केली. आई सीटवर डोळे मिटून. "काच मागं घे. अजून. आता जराशी पुढं." तिच्या तोंडासमोर मी हात धरला. वारा बोटांतून तिच्या कपाळावर, पांढऱ्या केसांत. काडी खोचली.
"आता?"
पाठ सीटला टेकवली तिनं. मीही हात लवकर काढला नाही.

१३ मार्च
निघालो. मेहकर मागे पडलं. लागली नाही! खामगावच्या अलीकडे चहाला थांबलोय, टपरीच्या बाकावर लिहितेय. मावशीचा फोन, कुठवर आल्या? म्हटलं, अजून बरंच आहे.
आई उतरलीच नाही. तिकोनीकडे तोंड, डोळे मिटलेले. झोपली असेल म्हणून दार अलगद लावायला गेले.
डोळे न उघडताच म्हणाली, "तुम्ही घ्या चहा. मी बसते इथंच."
मला ती कधी तुम्ही म्हणत नाही.