पद्मजाचा चहा आणि माझं नाक

३ फेब्रुवारी २०१९, रविवार
सूनबाईंनी, म्हणजे पद्मजाने, नोकरी सोडून चहाची कंपनी काढली. कंपनी म्हणजे आमच्या विश्रांतवाडीच्या घराचं गॅरेज, कामाला दोन बायका आणि पाकिटं चिकटवायचं एक मशीन. चहात साखर अगदी बेताची, स्वाद मात्र निरनिराळे. गुलकंद, कैरी-पुदिना, आलं-गवती चहा. मला चीफ टेस्टर नेमलंय. म्हणाली, "बाबा, तुमच्याइतका चहा पुण्यात कोणी प्यायला नसेल." खरंच आहे. खडकीच्या फॅक्टरीतली सगळी नोकरी चहावरच काढली.
नाक मोकळं असावं म्हणून आधी तपकिरीची चिमूट ओढली. मग गुलकंद प्यायलो. गरम होता.

५ फेब्रुवारी
कैरी-पुदिना. हाही गरम होता. पुदिना आहे कुठे म्हणून कपात डोकावलो, तर आमच्या हिने, शकूने, विचारलं, "काय पडलं काय त्यात?" म्हटलं, रंग बघतोय. टेस्टरला रंगही बघावा लागतो.
नाक अजून साफ हवं. तपकीर वाढवली.

७ फेब्रुवारी
पेपरात आलंय. वास येईनासा होणं ही विसरण्याच्या आजाराची पहिली खूण असू शकते. पेपर घडी करून गादीखाली ठेवला.
आमचे थोरले बंधू गेनबादादा शेवटी शेवटी मला म्हणायचे, "पाव्हणं, कुठनं आलासा?" मी म्हणायचो, खडकीहून. मग म्हणायचे, "च्या घ्या." तेवढं विसरले नव्हते.
मला काही झालेलं नाही. खात्री म्हणून फॅक्टरीतल्या सगळ्या फोरमनची नावं ओळीने म्हटली. एक आठवेना. पुन्हा पहिल्यापासून म्हटली, तरी नाही.

८ फेब्रुवारी
आंघोळ करताना आठवलं. मच्छिंद्र साळुंके. मेंदू ठणठणीत आहे.
गादीखालचा पेपर मात्र सापडत नाही.

१० फेब्रुवारी
पद्मजाने पाकिटावर छापायला माझं मत मागितलं. "गुलकंद जिभेवर रेंगाळतो," असं लिहून दिलं. रेंगाळत असेल. पोर वाकून पाया पडली. आशीर्वाद देताना तिच्याकडे बघवेना.
वर म्हणाली, येत्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये स्टॉल आहे, बाबा डोळ्यांवर पट्टी बांधून चहा ओळखतील, लोकांना मजा वाटेल. माझा कप बशीत खडखड वाजायला लागला. म्हटलं, थंडी फार आहे. दुपारचा एक वाजला होता.

१२ फेब्रुवारी
अय्युबला सांगितलं. फॅक्टरीतला जोडीदार. तपकीरसुद्धा आम्ही मंडईजवळच्या एकाच दुकानातली ओढतो. म्हणाला, "दत्तोबा, डॉक्टरला का दाखवत नाहीस?" म्हटलं, डॉक्टरकडे गेलं की आजार निघतो. त्याने डबी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाला, "माझ्या शिंकांवर चाल मग." तो पुढे बसून कपाचा रंग बघणार. एक शिंक म्हणजे गुलकंद, दोन म्हणजे कैरी, तीन म्हणजे आलं.
प्लॅन पक्का. यात चुकण्यासारखं काही नाही.

१४ फेब्रुवारी
रंगीत तालीम केली. सगळे बरोबर आले. शकू म्हणाली, "अय्युबभाईंना सर्दी झालीय, काढा देऊ का?" नको म्हटलं. प्लॅन बिघडेल.
तीही हल्ली माझ्याकडे टक लावून बघत असते. काल विचारत होती, आपलं लग्न कुठल्या साली झालं. बाई आता विसरायला लागली वाटतं. तिला जपायला हवं.

१७ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
लिहवत नाही. लिहितो.
पट्टी बांधली. चाचपडत पहिला कप उचलला, घोट घेतला आणि शिंकेची वाट बघितली. पण भीती अय्युबलाही वाटत होती. धीर यावा म्हणून त्याने आयत्या वेळी चांगली मोठी चिमूट ओढली. लागोपाठ सात शिंका. कंपनीकडे सातवा चहाच नाही.
मी म्हणालो, "सुरुवात गुलकंदाची, मागून कैरी येते आणि शेवटी आल्याचा ठसका."
मग शकूचा आवाज. "अहो, ते चूळ भरायला ठेवलेलं गरम पाणी आहे."
लोक पोट धरून हसले. पद्मजा हसली नाही. पट्टी सोडता सोडता हळूच म्हणाली, "बाबा, कधीपासून?" म्हटलं, कशाचं काय, गंमत केली. त्याच पट्टीने डोळे पुसले.

२० फेब्रुवारी, बुधवार
नाक-कान-घशाच्या डॉक्टरबाई. दाखवायला नाक स्वच्छ असावं म्हणून निघताना दोन चिमटी ओढून गेलो. बाईंनी दिवा लावून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "आजोबा, इथून पूर्वी हवा जात होती का?" सगळी तपकीर. मग बरंच काही विचारलं. साल, वार, पत्ता, नातवंडांची नावं. मी फोरमनसुद्धा सांगितले, मच्छिंद्र साळुंकेसकट. म्हणाल्या, विसरण्याचं काही दिसत नाही. तपकीर कायमची बंद करा, वास बहुतेक परत येईल.
रिक्षात शकू रडली. तो पेपर तिनेच उचलला होता. लग्नाचं सालही त्यासाठीच विचारत होती. म्हणाली, "तुम्ही मलाही एक दिवस 'पाव्हणं' म्हणाल, या धास्तीने झोप नव्हती मला." तिचा हात धरून बसलो. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे.
घरी आल्यावर पद्मजाने पाकिटावरचं माझं मत काढलं. नवीन चीफ टेस्टर शकू.
तपकीर सोडली. आजपासून, कायमची. डबी सगळ्यांसमोर पद्मजाच्या हातात दिली. अंगावरचं ओझं उतरलं. मन इतकं हलकं झालं की दुसरी डबी कुठे ठेवलीय ते झटकन आठवलं. लोकरी कोटाच्या आतल्या खिशात, डाव्या बाजूला.
मेंदू अगदी ठणठणीत आहे.