सोमाभावजींचा धोटा

भिवंडी, १९९६

सोमाभावजी,

तुम्ही आणि आमचे हे एकाच लूमवर, पाळ्या तेवढ्या वेगळ्या. एकाच धोट्याच्या भोकातनं धागा दोघंही तोंडानं ओढायचे. ह्यांना टीबी निघाला तेव्हा शेठकडं जाऊन मीच बोलले, सोमा खोकतो, त्याच्याच धोट्यानं दिला. तुमचं काम गेलं, ह्यांचं राह्यलं.

टीबी हटेना म्हणून रक्त तपासलं, तर एड्स निघाला. हे गेले. आता माझ्याही रक्तात तेच हाय.

हे पत्र टाकणार न्हाय. तुम्हाला वाचता येत न्हाय. तुमच्या गावी अंबाडीत दुसरा कोणी मोठ्यानं वाचील, मग माझ्या पोरीला, मंदाला, सून कोण करून घेईल?

तुमच्या टीबीच्या गोळ्या मधेच सोडू नका. पहिला खोकला ह्यांचाच होता, भावजी. शेठकडं गेले तेव्हा मला ते ठाऊक होतं.

तुमची वहिनी म्हणवत न्हाय,
शेवंता